निखाऱ्याचा डबा

सन अडतीस-एकोणचाळीसच्या सुमाराला नाशकात ज्यांच्या घरी बाग होती, त्यांनी हबीब बागवानाला गळ्यात डबा अडकवून येताना नक्की पाहिलं असेल. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, कडेला खिळ्याने पाडलेली भोकं, आत गोवरीचे निखारे आणि वर राख. बागेत शिरला की हा गृहस्थ आधी उकिडवा बसायचा, कात्रीची दोन्ही पाती त्या राखेत खुपसायचा, ओठ हलवत काहीतरी मोजायचा आणि मगच झाडाला हात लावायचा. शेजारच्या बागेत गेला की पुन्हा पहिल्यापासून तेच. ठिणग्या उडून सदऱ्याची चाळण झाली होती. लोक त्याला ‘धुनीवाला हबीब’ म्हणायचे. नाव ठेवायला नाशिककरांना मुहूर्त लागत नाही.

पण हा डबा त्याच्या गळ्यात आला कसा, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांनी ते ऐकून सोडून दिलं होतं. म्हणून ते सांगायला हवं.

हबीबचा बाप कादर बागवान देवळालीला एका गोऱ्या कर्नलच्या बंगल्यावर माळी होता. कर्नल विलायतेला परत जाताना त्याने कादरला आपली छाटणीची कात्री दिली. जाड पोलादाची, लाकडी मुठीची. कादरने ती मरेपर्यंत वापरली आणि वापरताना एक नेम पाळला. एका बागेतलं काम झालं की त्या घरच्या चुलीतली नाहीतर बंबाखालची गरम राख मागायची, कात्री तीत खुपसून ठेवायची आणि शंभर मोजायचे. लहानपणी हबीबला वाटायचं, बापाचं हे काहीतरी दुवा मागणं असेल. एकदा विचारलं तेव्हा कादर म्हणाला होता, “मर्ज लोहे पे बैठ के आता है, बेटा.” झाडाचं दुखणं लोखंडावर बसून येतं. हबीबने मान हलवली. बापाच्या पुष्कळ बोलांना आपण अशीच मान हलवतो.

बाप गेल्यावर कात्री हबीबकडे आली, नेमही आला. कॅम्पातल्या आणि पारशी लोकांच्या बंगल्यांवर राखेचा प्रश्न नव्हता. खानसामाला हाक मारली की तो घमेलंभर राख आणून ओतायचा.

मग बत्तीस साली नाशकात उद्यान मंडळ निघालं. त्या काळी आमच्या गावात दोन गोष्टींना तोटा नव्हता, देवळांना आणि मंडळांना. मामलेदारीतून निवृत्त झालेले रावसाहेब खांबेटे यांना हुकूम सोडायला आता माणसं उरली नव्हती, म्हणून त्यांनी गुलाब लावले आणि गुलाब लावणारी माणसं गोळा केली. ते अध्यक्ष झाले. सबनीस वकील चिटणीस झाले, कारण त्यांचं अक्षर चांगलं होतं. दर रविवारी चार वाजता शरणपूर रस्त्यावर खांबेट्यांच्या ओसरीवर बैठक भरायची. ज्याच्या झाडाला काही झालं असेल त्याने रोगट पान किंवा काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणायची. ती मधल्या पितळी ताटात ठेवायची, ताट सगळ्यांपुढून फिरायचं, जो तो हुंगून आणि चुरडून आपलं ज्ञान पाजळायचा. तक्रारी संपल्या की ‘पाहणी’. म्हणजे आठवड्यात कुणाला कुठला पक्षी, कुठलं जनावर दिसलं ते सांगायचं. कोतवाल पक्ष्याने घारीला हुसकलं, गंगापूर रस्त्याला उदमांजर आडवं गेलं, विहिरीच्या कठड्यावर मुंगसाने साप मारला. सबनीस हे सगळं तारीखवार, बागवार एका जाड वहीत उतरवून घ्यायचे.

या मंडळींना ज्ञान होतं, पण झाडं येत नव्हती. म्हणून त्यांनी हबीबला बोलावलं.

पहिल्याच आठवड्यात खांबेट्यांच्या बागेतली छाटणी उरकून हबीब नेहमीप्रमाणे मागच्या अंगाला गेला. तिथे विहीर होती, विहिरीशेजारी तांब्याचा बंब पेटलेला होता आणि दोरीवर खांबेटेकाकूंचं सोवळं वाळत होतं. हबीब बंबाजवळ वाकला तोच घरातून काकूंचा आवाज आला, “अहो, त्याला म्हणावं तिकडे कुठे चाललास? धुतलेलं सोवळं आहे! राख हवी तर बाई आणून देईल, पुढेच थांब.” काकू स्वभावाने वाईट नव्हत्या. रीत होती ती पाळत होत्या. मोलकरीण पुढे आली आणि कालपरवाची थंडगार राख तिने लांबूनच एका कागदावर टाकली. पुढच्या घरी तसंच, त्याच्या पुढच्या घरीही तसंच. मूठभर राखेसाठी अकरा दारांत उभं राहायचं आणि ती लांबून टाकून घ्यायची, हे हबीबला भीक मागण्यासारखं वाटलं. शिवाय थंड राखेत कात्री घालून काय उपयोग? त्याने राख मागणं सोडून दिलं. कात्री पायजम्याला पुसायची आणि पुढची बाग गाठायची. अब्बांचा नेम अब्बांबरोबर गेला, असं त्याने मनाला सांगितलं.

मंडळात मात्र हबीबचं बस्तान उत्तम बसलं. ताट शेवटी त्याच्यापुढे यायचं. तो पान उलटं करून पाहायचा आणि दोन शब्दांत सांगायचा, “मावा आहे, तंबाखूचं पाणी मारा,” नाहीतर, “मुळाशी पाणी साचतंय, साहेब.” पक्ष्यांचंही तेच. रावसाहेबांनी दुर्बिणीतून पाहून एक नाव सांगावं आणि हबीबने डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून दुसरं सांगावं, आणि हबीबचंच खरं निघावं. तिसऱ्या वर्षी रावसाहेबांनी त्याला बसायला वेताचं एक स्टूल दिलं. चहासाठी कान तुटलेला एक कपही त्याचा ठरलेला होता. तो त्याने आपला आपण विसळून ओसरीच्या कोनाड्यात पालथा ठेवायचा. कपाचं त्याला काही वाटत नसे. स्टुलाचं फार वाटे. अब्बा चाळीस वर्षं बागांत राबले, पण कुणाच्या ओसरीवर बसले नव्हते. घरी गेल्यावर तो हुस्नबानोला, आपल्या बायकोला, दर रविवारी नव्याने सांगायचा की आज कोणता साहेब आपल्या कोणत्या बाजूला बसला होता. ती बिचारी दर रविवारी नव्याने ऐकायची.

त्या ओसरीच्या पायरीवर आणखी एक माणूस बसायचं. अक्काबाई. त्र्यंबकच्या पुढे, हरसूलच्या वाटेला तिचा पाडा. पन्नाशीची, एकटी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. उंबराखालचा, सागाखालचा कुजलेला पाला ती भरून आणायची. काळी, भुसभुशीत, पावसाचा वास येणारी रानमाती. दिराच्या गाडीत बांबूंवर दोन-तीन पोती टाकून ती रविवारी नाशकात यायची आणि मंडळातल्या बहुतेक बागांना ती माती पुरवायची. त्यावर तिची वर्षाची नागली आणि मीठमिरची भागायची. नाहीतर तिच्या पाड्यातल्या बाकीच्या बायकांसारखं घोटीकडे भात कापायला जाणं होतं, आणि तिचे गुडघे आता चिखलाला तयार नव्हते.

पाहणीच्या वेळी अक्काबाई पायरीवरून बोलायची. एकदा तिने सांगितलं, “आमच्याकडं एक लांब चोचीचा पक्षी हाय. मादी झाडाच्या ढोलीत बसती आन् चिखलानं दार लिंपून घेती. नुस्ती फट ठेवती. नर भाईरून तिला भरवतो. पिल्लं मोठी होईस्तोवर ती आतच.” मंडळी खो खो हसली. पुढे सबनीसांना कुठल्याशा इंग्रजी पुस्तकात धनेश पक्ष्याबद्दल अक्षरशः तेच सापडलं, तेव्हा वहीत नोंद झाली, ‘हरसूलकडील एका बाईच्या सांगण्यावरून.’ नाव काही कुणी विचारलं नाही.

येताना ती हबीबसाठी काहीतरी घेऊन यायची. करवंदं, आळवं, कधी मोहाची फुलं. आणि ती त्याच्या तळहातावर ठेवायची, हातोहात. त्या ओसरीवर हबीबच्या हातात हातोहात काही देणारी ती एकटीच होती. म्हणून चौतीसच्या दिवाळीत खांबेट्यांचे लाल गुलाब छाटताना त्याने एक चांगली जाडसर काडी निवडून तिला दिली. “दाराशी लावा. पुढल्या वर्षी फूल येईल.” अक्काबाईने ती काडी ओल्या पानात गुंडाळून पदराला बांधली.

काळा रोग आला तो त्याच सुमाराला.

छाटलेल्या फांदीचं टोक काळं पडायचं आणि तो काळेपणा वरून खाली उतरत जायचा. आज चार बोटं, आठ दिवसांनी वीत, महिन्याभरात झाडच वाळून कोळसा. खांबेट्यांचा पुण्याहून आणलेला पिवळा मार्शल नील गुलाब पहिला गेला. मग एकेका बागेतून ओली फडकी येऊ लागली आणि सगळ्यांत तीच काळी काडी. उपाय एकच होता आणि तो हबीबला ठाऊक होता. काळ्याच्या खाली चार बोटं छाटायचं आणि जखमेवर शेण नि लाल माती लिंपायची. तो ढोर मेहनत करी. काळं दिसलं की कापी, पुढचं झाड कापी, पुढची बाग कापी. जितकं कापावं तितकं ते वाढत होतं. वर्षभरात मंडळाचे निम्मे गुलाब गेले. सबनीसांच्या डोळ्यांत पाणी आलं एकदा, आणि वकिलाच्या डोळ्यांत पाणी येणं ही सोपी गोष्ट नाही. हबीबला जेवण जाईना.

पस्तीसच्या दसऱ्यानंतरच्या रविवारी रावसाहेबांनी हुकूम सोडला, “सबनीस, वहीतून काळ्या रोगाच्या तेवढ्या नोंदी पहिल्यापासून वाचा. कुठून आला ते शोधलंच पाहिजे.”

सबनीस वाचू लागले. पहिली तक्रार खांबेटे. दुसरी त्यांच्या शेजारचे इंजिनियर. तिसरी स्वतः सबनीस. चौथी वळणावरचे डॉक्टर. हबीब स्टुलावर बसून ऐकत होता. त्याला लिहितावाचता येत नव्हतं, पण पायांना वाट पाठ होती. खांबेट्यांकडून निघायचं, शेजारी इंजिनियर, तिथून गल्लीने सबनीस, मग वळणावर डॉक्टर. आणि मग... पाचवं नाव वकिलांनी उच्चारायच्या आधीच त्याच्या ओठांवर आलं. सहावंही आलं. अकरा बागा, अकराच्या अकरा, त्याच्या आठवड्याच्या फेरीच्या क्रमाने. बारावे सभासद पोस्टमास्तर आगाशे. त्यांच्याकडे रोगाचा ठिपका नव्हता. आगाशे महा चिक्कू. ते हबीबला कधी बोलावत नसत, घरातल्या शिवणकामाच्या कात्रीने आपले गुलाब आपणच छाटत.

मर्ज लोहे पे बैठ के आता है. कात्री त्याच्या कमरेलाच होती. वर्षभर तो रोग कापत नव्हता, वाटत होता.

“बघा!” रावसाहेबांनी मांडीवर थाप मारली. “आगाश्यांच्या बागेत का नाही? कारण आगाशे ती रानमाती घेत नाहीत! बाकी अकराजण घेतात. जंगलातली घाण आपण पैसे देऊन घरात आणतो आहोत.”

कावळा बसायला आणि फांदी मोडायला, म्हणतात ते हे. माती अकरा बागांत गेली होती हे खरं, कात्रीही अकरा बागांत गेली होती हेही खरं. पण कात्री हबीबची होती आणि हबीब तर ओसरीवर बसलेला आपला माणूस. ठराव झाला. यापुढे रानमाती बंद.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. अक्काबाई पोतं उतरवून आत येत होती. रावसाहेबांनी तिला फाटकातच थांबवलं आणि मोठ्या आवाजात सांगितलं, की तिच्या मातीने सगळ्यांची झाडं मारली, पुन्हा इकडे फिरकायचं नाही. बाई गोंधळली. तिने पोत्यातली मूठभर माती काढून पुढे धरली, जणू ती पाहिली की साहेब समजतील.

“साहेब, ही माती वंगाळ नाय. आमच्या रानात याच मातीवर झाडं हायती ना एवढाली.” मग तिची नजर ओसरीवर गेली. “हबीबभाई, तुमी सांगा ना. तुमाला माती कळती.”

सगळे हबीबकडे पाहू लागले. बोलायचं होतं ते एकच वाक्य होतं. ते बोललं की स्टूल गेलं, अकरा बागा गेल्या, कादर बागवानाच्या पोराने गावाचे गुलाब मारले हे नाव मागे राहिलं. हबीबने मान खाली घातली.

“मला काय ठाऊक, बाई,” तो म्हणाला.

अक्काबाईने मुठीतली माती परत पोत्यात टाकली. खाली सांडलेली चिमूटही वेचली. ती गेल्यावर रावसाहेबांनी फाटकाजवळची जागा धुवून घ्यायला सांगितलं.

त्या दिवशीच हबीबने डबा केला. घरून निखारे घेऊन निघायचा, म्हणजे कुणाकडे राख मागायला नको. इतकी साधी गोष्ट तीन वर्षांपूर्वी सुचली नाही याचा त्याला राग येई. हुस्नबानोने विचारलं तेव्हा तो नुसतं म्हणाला, “अब्बा राख क्यूं लेते थे, अब समझा.” पुढचं तिलाही सांगितलं नाही. काळी झाडं त्याने मुळापासून काढून जाळली, उरलेल्यांना प्रत्येक झाडागणिक कात्री भाजून हात लावला. आणि रोग थांबला. मार्गशीर्ष लागेपर्यंत कुठल्याच बागेत नवी काळी काडी दिसेना.

आणि इथेच त्याचं नशीब फुटलं म्हणायचं. कारण रोग थांबला तो रानमाती बंद केल्यावर, हे आता सिद्धच झालं. मंडळात पेढे वाटले गेले. रावसाहेबांनी ‘जंगलातील मातीपासून गुलाबास होणारा रोग’ असा निबंध लिहून पुण्याच्या एका मासिकाला धाडला आणि तो छापूनही आला. हबीब जितकं नेटाने काम करी, तितकी अक्काबाई खोटी ठरत होती. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि चोर स्टुलावर बसून पेढा खात होता. तो पेढा त्याने खाल्ला नाही, खिशात घातला, आणि घरी जाताना गोदावरीच्या पुलावरून खाली टाकला.

एक दिवस बाजारात बांबू विकायला आलेला अक्काबाईचा दीर भेटला. तो म्हणाला, वहिनी घोटीला गेली भात कापायला. विळा हाताला लागला, बोट चिघळलं, आता घरीच पडून आहे. हबीबला त्याच्याकडे नीट पाहवलंही नाही.

संक्रांतीनंतरच्या रविवारी तो बैठकीत उभा राहिला. स्टुलावर बसून बोलणं त्याला जमलं नसतं. कात्री त्याने पितळी ताटात ठेवली आणि सगळं सांगितलं. अब्बांचा नेम, बंबाची राख, फेरीचा क्रम, डबा. “माती चांगली होती, साहेब. रोग माझ्या हाताने आला.”

मग रावसाहेब हसले. प्रेमाने हसले, हेच वाईट. “हबीब, तुझं मन मोठं आहे. गरीब बाईसाठी स्वतःवर घेतोस. पण बाबा, शास्त्र ते शास्त्र. कात्रीवर बसून रोग प्रवास करतो म्हणे! तिकीट कुठलं काढतो?” सगळे हसले. सबनीसांनी वहीत लिहून घेतलं, ‘हबीब माळी याने हरसूलकडील बाईसाठी रदबदली केली.’ त्याच कान तुटलेल्या कपात चहा आला.

निघताना फाटकाजवळ पोस्टमास्तर आगाश्यांनी त्याला गाठलं. कात्री मागून घेतली, उन्हात धरून पाती निरखली. “तू म्हणतोस ते खरं असणार,” ते हळूच म्हणाले. “पण आता निबंध छापून आलाय रे.” आणि इकडेतिकडे पाहत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हबीब सर्व्हिस मोटारीने त्र्यंबकला उतरला आणि पुढे चालत निघाला. घाट चढून पाड्यावर पोचेपर्यंत ऊन कललं होतं. अक्काबाईचं कुडाचं घर टोकाला होतं. दाराशी काट्यांचं छोटं कुंपण, आणि कुंपणात गुडघाभर उंचीचं गुलाबाचं झाड. हबीबने ते लांबूनच ओळखलं. वरची अर्धी फांदी कोळशासारखी काळी होती.

अक्काबाई बाहेर आली. उजव्या हाताला चिंधी गुंडाळलेली. त्याला पाहून तिचा चेहरा खुलला, मग तिची नजर झाडाकडे गेली आणि ती ओशाळली.

“हबीबभाई, येवढ्या लांब आलात आन् तुमचं झाड हे असं.” ती कुंपणाशी जाऊन उभी राहिली, जसं काही ते झाकावं. “मला नाय जगवता आलं. लय केलं. शेण लावलं, ताक घातलं, राती उठून पाणी घातलं. रानात बाकी कशालाच काय झालं नाय, ह्येच तेवढं काळं पडत चाललं. मंग मला वाटलं, रावसाहेब बोलले ते खरं असंल. माझ्या हातातच कायतरी वंगाळ असंल. तुमी येवढ्या मायेनं दिलं व्हतं. राग धरू नगा.”

हबीबला रडू आलं. तिथेच, पाड्याच्या वाटेवर, चार माणसं बघत असताना तो ओक्साबोक्शी रडला. मग त्याने सांगितलं. काडी ज्या कात्रीने कापली तिच्यावरच रोग होता. तुमच्या रानात तो नव्हता, मी दिलेल्या काडीबरोबर तो तुमच्या दारात आला. नाशकातही मीच नेला.

अक्काबाईला समजायला वेळ लागला. “म्हंजी माझी माती चांगली?”

“सोन्यासारखी.”

“माझ्या मातीनं नाय मेली झाडं?”

“नाही, अक्काबाई.”

ती हसली. तोंडावर चिंधीचा हात धरून पोरीसारखी हसली. तीन महिने छातीवर ठेवलेला धोंडा कुणी उचलावा तशी दिसत होती. “बसा, बसा. पाणी आणते,” म्हणत ती आत गेली.

गडू घेऊन ती बाहेर आली आणि उंबऱ्यावर थांबली. तिचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं.

“हबीबभाई, ह्ये तुमाला कधी कळलं?”

परवा, म्हणता आलं असतं. संक्रांतीला म्हणता आलं असतं. तो शब्द जिभेवर आलाही होता. पण एका खोट्यापायी इथवर चालत यावं लागलं होतं.

“त्याच दिवशी,” हबीब म्हणाला. “तुम्ही फाटकात उभ्या होतात. मला विचारलंत, तेव्हा मला ठाऊक होतं.”

अक्काबाई त्याच्याकडे पाहत राहिली. रागाने नाही. रावसाहेबांच्या फाटकात मूठभर माती घेऊन उभी होती तशीच, काही उमजत नसल्यासारखी. मग ती खाली वाकली आणि गडू त्याच्या हातात न देता जमिनीवर ठेवला.

“पाणी प्या,” ती म्हणाली. “दिस बुडायच्या आत घाट उतरा. आन् जाताना ते झाड घेऊन जा.”

दार लागलं. हबीब पाणी प्याला, त्याने गडू विसळून उंबऱ्याशी पालथा ठेवला. मग कुंपणापाशी बसून खुरप्याने झाडाभोवतीची माती सैल केली आणि ते उपटलं. सहज निघून आलं. वरून अर्धं काळं पडलेलं ते झाड मुळाशी ठणठणीत होतं. मुळं टोकापर्यंत पांढरीशुभ्र होती आणि त्यांना चिकटलेल्या मातीत कसलीच खोट नव्हती.